ठमीच्या किडनीसाठी ऑनलाइन कोणाचं ऐकलं आणि कोणाचं नाही

आमच्या मांजरीला, ठमीला, किडनीचा आजार आहे हे आता बऱ्याच जणांना माहितीये आणि त्यामुळे अधूनमधून मेसेज येतात की ऑनलाइन नेमकं कुठे वाचायचं, कोणाचं ऐकायचं, आमच्याकडे तर मांजराचे डॉक्टरच नाहीत. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहिते. मी डॉक्टर नाही. त्यामुळे यात कुठल्याही औषधाचा डोस सापडणार नाही, तो मुद्दाम गाळलाय.

आम्ही वाईला राहतो. पुण्यामुंबईत जागोजागी पेट क्लिनिक असतात तसं इथे नाही. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर मनापासून करतात पण त्यांचा दिवस गाई-म्हशींत जातो, लसीकरण, कृत्रिम रेतन, कुठे अडलेली म्हैस, हेच. ठमी 13 वर्षांची. मागच्या उन्हाळ्यात ती बाथरूममधल्या बादलीवर पुढचे पाय टेकून पाणी प्यायला लागली, पीतच राहायची, ट्रेमधली माती सारखी बदलावी लागायची, पाठीवरून हात फिरवला की मणके हाताला लागायचे आणि सकाळी उठून पांढरा फेस ओकायची. आई म्हणत होती, अगं उन्हाळा आहे, पाणी पिणारच की. मग तिला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहिले, माझं एकटीचं वजन वजा केलं, तर 4.2 किलोची ठमी 3.1 वर आलेली. त्या रात्री फोन घेऊन बसले.

आधी मराठीतच शोधलं, मांजर जास्त पाणी का पिते वगैरे. जे आलं ते वाचून डोकं फिरलं. एकाच लेखात वर लिहिलंय की मांजराने भरपूर पाणी पिणं चांगलं, किडनी साफ राहते, आणि खाली लिहिलंय की ताबडतोब डॉक्टरकडे न्या. लेखक कोण, कधी लिहिलं, काही पत्ता नाही, वाक्यं मशीनने फिरवल्यासारखी आणि मध्येमध्ये खाद्याच्या जाहिराती. मग इंग्लिशमध्ये गेले. तिथे कॉर्नेल युनिव्हर्सिटीचं फिलाइन हेल्थ सेंटर आहे, त्यांचं पान वाचलं, आणि एमएसडी व्हेटर्नरी मॅन्युअल, अमेरिकेत त्यालाच मर्क म्हणतात, 1955 पासून निघणारं डॉक्टरांचं जाड पुस्तक आहे आणि आता ते आख्खं फुकट वाचता येतं. त्यात दोन भाग आहेत, एक डॉक्टरांसाठी आणि एक प्राणी पाळणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत. हो, ते औषध कंपनीचं आहे आणि ही कंपनी प्राण्यांची औषधं विकते हे लक्षात ठेवूनच वाचायचं, पण प्रत्येक प्रकरणावर लिहिणाऱ्याचं नाव आणि तपासल्याची तारीख असते.

तिथे कळलं की म्हाताऱ्या मांजराने पाणी जास्त पिणं आणि बारीक होणं याची मोठी कारणं तीन, किडनी, शुगर आणि थायरॉइड. तिन्हीचं सुरुवातीचं चित्र जवळजवळ सारखंच. आणि रक्त-लघवी तपासल्याशिवाय यातलं कुठलं ते सांगता येत नाही असं स्पष्ट लिहिलेलं. माझा विश्वास बसला तो या वाक्यामुळे. आधीच्या सगळ्या लेखांनी मला उत्तर दिलं होतं, इथे पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं की उत्तर द्यायला अजून माहिती पाहिजे. नंतर मी प्रत्येक ठिकाणी हेच बघायला लागले, समोरचा आधी विचारतो का आधी सांगतो.

याच काळात मी मांजरवाल्यांच्या एका व्हॉट्सॅप ग्रुपमध्ये होते. माणसं प्रेमळ आहेत, रात्री दोनला पण उत्तर देतात, मनाला खूप आधार मिळाला त्यांचा. पण सल्ले? नारळपाणी द्या, गोखरूचा काढा द्या, कोरडं खाणं बंद करा, फक्त उकडलेलं चिकन द्या. वय किती, वजन किती, रिपोर्ट आहे का, एकानेही विचारलं नाही. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि किडनीच्या काही मांजरांत ते कमी झालेलं असतं तर काहींत वाढलेलं, वाढलेलं असताना वर अजून गेलं तर थेट हृदयावर येतं. म्हणजे तेच नारळपाणी एकीला चालेल आणि दुसरीला घात करेल आणि हे ठरणार रक्ताच्या रिपोर्टवर.

आणि मग ते पॅरासिटामॉल. मी लिहिलं होतं की ठमी मलूल आहे, अंग गरम वाटतंय, तर एका ताईंनी लगेच लिहिलं, लहान बाळांचं तापाचं सिरप असतं ना त्याचे दोन थेंब द्या, आमच्याकडे देतो. इथे मी थांबून सगळ्यांना सांगते, कृपा करून हे कधीही करू नका. मांजराच्या लिव्हरला पॅरासिटामॉल पचवण्याची सोयच नाही, रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात आणि एका गोळीने मांजर जाऊ शकतं. हे एमएसडीच्या मॅन्युअलमध्ये आहे, कॉर्नेलकडे आहे, जिथे जिथे डॉक्टरांनी लिहिलंय तिथे सगळीकडे एकसारखंच आहे. मी ग्रुपवर तेव्हाच लिहिलं, तर उत्तर आलं की आमच्या मांजराला काही झालं नाही. एका मांजराला काही झालं नाही म्हणून दुसऱ्याला देणार का? शिवाय मांजराचं नॉर्मल तापमानच साधारण 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं, आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागणार. ताप आहे की नाही ते थर्मामीटर सांगतो, तळहात नाही.

माणसांच्या पेनकिलरचं पण तेच, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कुत्र्याला नाही आणि मांजराला तर नाहीच, त्यात किडनी आधीच अधू असेल तर विचारायलाच नको. आणि कुत्र्याच्या पिसवांसाठी मानेवर टाकायचे थेंब असतात त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे. बॉक्सवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा.

ग्रुपमधूनच एकाचा नंबर मिळाला, पेट कन्सल्टंट, नावामागे डॉक्टर लावलेलं. फोटो पाठवा म्हणाले, पाठवला, दोन मिनिटांत व्हॉइस नोट, किडनी आहे, माझी पावडर सुरू करा, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा) पंधरा दिवसांत नॉर्मल, पैसे आधी. मी विचारलं, सर तुमचा रजिस्ट्रेशन नंबर सांगाल का. हे विचारायचं असतं हे मला वाचूनच कळलं होतं. आपल्याकडे 1984 चा इंडियन व्हेटर्नरी कौन्सिल अ‍ॅक्ट आहे, प्राण्यांवर उपचार करायचे तर बी.व्ही.एससी. अँड ए.एच. ही डिग्री, साडेपाच वर्षांचा कोर्स आहे तो, आणि वर राज्याच्या कौन्सिलमध्ये नोंदणी लागते. खऱ्या डॉक्टरला हा प्रश्न विचारला तर राग येत नाही, प्रिस्क्रिप्शनवर तो नंबर छापलेलाच असतो. या गृहस्थांनी पावडरचा फोटो परत पाठवला आणि नंतर काही उत्तर नाही. मी पण सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी इथल्या सरकारी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ठमीला टेबलावर घेतलं, डोळे, हिरड्या बघितल्या, मानेवरचं कातडं चिमटीत धरून सोडलं तर ते तसंच उभं राहिलं, हळूहळू खाली गेलं. म्हणाले, "ताई, पाणी खूप कमी झालंय अंगातलं. आणि खरं सांगू का, मांजराच्या किडनीत माझा हात नाही. रक्त काढून देतो, सलाईन लावतो, पण पुढचं तुम्ही पुण्याला नाहीतर शिरवळला दाखवा." मला त्या माणसाबद्दल इतका आदर वाटला. त्यांनी पुढच्या पायाची शीर धरून रक्त काढलं, गावातल्या नेहमीच्या लॅबमध्ये दिलं, संध्याकाळी रिपोर्ट आला. क्रिएटिनिन 5.6.

रिपोर्टवर समोर माणसाची रेंज छापलेली, ते साहजिकच आहे, माणसांचीच लॅब. पण छोट्या गावातल्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवा, माणसाच्या लॅबमधून रिपोर्ट आला की ती शेजारची रेंज मांजराला लावायची नसते, मांजराचं 1.5 तिथे लाल अक्षरात येईल आणि ते मांजराला नॉर्मल असू शकतं. मांजराची रेंज वेगळी शोधावी लागते. 5.6 मात्र कुठल्याही हिशोबाने जास्तच होतं. ग्रुपवर टाकलं तर कोणीतरी लिहिलं की आता काही राहिलं नाही, उगाच हाल करू नका, इंजेक्शन देऊन मोकळी करा तिला. आईने ते वाचलं आणि जेवलीच नाही त्या रात्री.

मी आयरिस नावाच्या संस्थेचं पान उघडलं. इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटी, किडनीवर काम करणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांची आहे, जगभर मांजर-कुत्र्यांच्या किडनीच्या स्टेज यांच्याच तक्त्यावरून ठरवतात. मांजराला क्रिएटिनिन 1.6 च्या खाली स्टेज 1, 1.6 ते 2.8 स्टेज 2, 2.9 ते 5.0 स्टेज 3, आणि 5 च्या वर स्टेज 4. म्हणजे ठमी चौथ्यात. पण तिथेच लिहिलंय की स्टेज ठरवायची ती प्राणी स्थिर झाल्यावर, अंगातलं पाणी भरून निघाल्यावर, आणि एका रिपोर्टवर भागत नाही, परत करून बघायचं. मी ते परत परत वाचलं. पाणी कमी असलं की क्रिएटिनिन वाढलेलं दिसतंच. ठमीचं रक्त तर सलाईन लावायच्या आधी काढलेलं.

सलाईन काही दिवस चाललं, ठमी उठून बसली, मासळीचा वास आल्यावर मान वर केली. पुण्याला नेलं, तिथे परत रक्त केलं, लघवीची घनता, फॉस्फरस, पोटॅशियम, सगळं. क्रिएटिनिन 3.4. स्टेज 3. त्या ग्रुपवरच्या सल्ल्याने चाललो असतो तर आज ती नसती. सल्ला देणारी व्यक्ती वाईट नव्हती, तिने स्वतःचं मांजर असंच गमावलेलं होतं आणि तिला वाटलं ठमीचे हाल होऊ नयेत. पण एका आकड्यावरून जीव घ्यायचा सल्ला देण्याआधी रक्त कधी काढलं एवढं तरी विचारायला हवं होतं.

एक तांत्रिक गोष्ट सांगते कारण यात मी अडकले होते. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल कॅट केअर या संस्थेची माहिती फार चांगली आहे, त्यांच्या डॉक्टरांच्या शाखेने 2016 मध्ये मांजराच्या किडनीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली ती फुकट वाचता येतात. पण तिकडचे क्रिएटिनिनचे आकडे 140, 250, 440 असे, आणि आपल्या रिपोर्टवर 3.4. वेगळं एकक आहे. आपला आकडा गुणिले 88.4 केलं की त्यांचा येतो, 3.4 म्हणजे साधारण 300. हे कोणी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो नाहीतर उगाच निर्धास्त होतो. आणि अजून एक, क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, त्यामुळे मांजर फार बारीक झालं की आकडा कमी दिसतो आणि आपल्याला वाटतं सुधारणा आहे. म्हणून वजन लिहून ठेवायचं, दर आठवड्याला, एकाच काट्यावर.

शिरवळच्या पशुवैद्यक कॉलेजच्या दवाखान्यात सोनोग्राफी केली, किडन्या लहान आणि खडबडीत दिसल्या, म्हणजे जुनं दुखणं. तिथल्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, घरात लिली आहे का? मी चकित झाले कारण हे मी वाचलं होतं. लिलियम आणि हेमेरोकॅलिस (म्हणजे डे लिली), या दोन प्रजातींतल्या झाडांचं पान, परागकण, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची किडनी काही दिवसांत संपवू शकतं. आपल्याकडे नर्सरीत कशालाही लिली म्हणतात, आमच्या अंगणात फुटबॉल लिली आहे, ती त्यातली नाही, पण तीही विषारीच आहे, चावू देऊ नये. झाडाचं शास्त्रीय नाव काढा आणि अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या विषारी झाडांच्या यादीत बघा, ती यादी फार उपयोगी आहे. शिरवळसारखी कॉलेजं परळला आहेत, नागपूर, परभणी, उदगीरला आहेत, जवळ राहणाऱ्यांनी तिथले दवाखाने विसरू नका.

खाण्याचं सगळ्यात अवघड गेलं. किडनीच्या खाद्यात फॉस्फरस कमी असतो आणि त्याने आयुष्य वाढतं याला चांगला पुरावा आहे असं सगळीकडे वाचलं, नुसतं उकडलेलं चिकन म्हणजे उलट फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम जवळपास नाही. पण ठमी ते महागाचं खाद्य हुंगून निघून जायची. एका व्हिडिओत एक जण सांगत होता, उपाशी ठेवा, भूक लागली की खाईल. हे कुत्र्याबद्दल कोणी म्हटलं तर म्हणो, मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन बसते आणि तेच जिवावर बेततं. कॅट केअरवाल्यांनी स्पष्ट लिहिलंय की हळूहळू बदला, आठवडे लागले तरी चालतील, आणि न खाण्यापेक्षा जे खाईल ते बरं. आईचं म्हणणं पहिल्यापासून हेच होतं, खातेय ना, मग खाऊ दे. आता आई रोज जुन्या खाण्यात थोडं थोडं नवीन कालवते, वर कोमट पाणी, आणि बोटाने चाटवते.

सलाईन घरी द्यायला शिकलो. व्हिडिओ शेकड्याने आहेत, मी फक्त व्हेटर्नरी कॉलेज आणि डॉक्टरांनी केलेले बघितले आणि तरी पहिल्यांदा डॉक्टरांच्या समोरच टोचलं. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाएवढी गरम करायची, खिडकीच्या गजाला टांगायची, ठमी आईच्या मांडीवर टॉवेलमध्ये, खांद्यांच्या मधलं कातडं उचललं की तंबूसारखं होतं त्याच्या बुडाशी सुई. कातडीखाली फुगा येतो, तो सरकत पुढच्या पायाच्या बगलेत उतरतो, पहिल्यांदा बघून मी हादरले पण काही तासांत शोषला जातो. किती द्यायचं हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं, हृदय कमजोर असेल तर जास्त पाण्याने मांजर गुदमरतं.

मधे एकदा रात्री तिचं खाणं परत बंद झालं तेव्हा व्हिडिओवर एका डॉक्टरांचा सल्ला घेतला, नोंदणी आधी तपासून. त्यांनी सुरुवातीलाच रिपोर्ट मागवले, सगळे, जुने पण. मग वजन किती, शेवटचं कधी खाल्लं, शी कधी झाली, हिरड्या कॅमेऱ्यासमोर दाखवा, झोपलेली असताना एका मिनिटात किती श्वास घेते ते मोजून सांगा, चालताना व्हिडिओ काढा, मान खाली घालून चालते का, कारण पोटॅशियम कमी झालं की मान पडते. कितीतरी वेळ नुसतं विचारतच होते. आणि शेवटी म्हणाले, फोनवरून मला पोट चाचपता येत नाही, रात्रीपुरतं हे करा आणि सकाळी दाखवाच. मी फी आनंदाने दिली. त्यांनीच विचारलं, बीपी कधी मोजलंय? मोजलंच नव्हतं. किडनीच्या मांजरांचं बीपी वाढतं आणि डोळ्याचा पडदा सुटून ती एका रात्रीत आंधळी होऊ शकतात, हे मी वाचलं होतं पण कोणी मशीन लावलं नव्हतं. पुण्यात मोजलं, शांत खोलीत, शेपटीला छोटा पट्टा बांधून, पहिला आकडा सोडून देऊन बाकीच्यांची सरासरी. 185 आलं. 160 च्या वर गेलं की काळजी, 180 ला फार जास्त. गोळी सुरू झाली, माणसांची असते तीच, पण अगदी छोटा तुकडा, आणि तो तुकडा केवढा हे मी कोणालाही इथे सांगणार नाही कारण तुमची मांजर मी बघितलेली नाही.

मेसेज करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की कुणालाही विचारण्याआधी हे कागदावर काढा: वय, वजन आणि आधीचं वजन, नर की मादी, पाणी-लघवी-शी-उलटी कधीपासून, काय खाते, घरात कुठली औषधं-फवारे-झाडं आहेत, आणि रिपोर्टचे पूर्ण फोटो, एकक दिसेल असे. हे सगळं न बघता औषध सांगणारा कितीही गोड बोलला तरी त्याचं घेऊ नका. आणि बोका लघवीला परत परत बसतोय आणि काही येत नाहीये असं असेल तर वाचत बसूच नका, तो कुंथतोय म्हणजे बद्धकोष्ठ आहे असं कोणी सांगेल, पण लघवीची वाट बंद झालेली असू शकते आणि मग दिवस नसतात हातात, तासच असतात, सरळ गाडी काढा.

इथल्या सरकारी डॉक्टरांना मी त्या 2016 च्या मार्गदर्शक तत्त्वांची प्रिंट दिली, त्यांनी ती ड्रॉवरमध्ये ठेवलीये आणि आता गावातली दुसरी मांजरं आली की माणसाच्या रेंजवर काट मारून शेजारी पेनाने मांजराची लिहून देतात.

ठमी सध्या 3.4 किलो आहे, बादलीवर अजून चढते. पुढचं रक्त पावसाळा संपल्यावर. वाई-सातारा भागात मांजराचं बीपी मोजायचं मशीन कोणाकडे असेल तर प्लीज कळवा, दर वेळी पुण्यापर्यंत गाडीत नेलं की प्रवासानेच तिचं बीपी वाढतं आणि खरा आकडा किती ते समजत नाही.